वेळू फुलेपर्यंत

कृतयुगाची संध्याकाळ होत आली होती आणि त्रेतायुगाचं पाऊल अजून उंबऱ्याबाहेरच होतं, तेव्हाची ही कथा. मेघांच्याही माथ्यावर हेमकूट नावाचा सुवर्णशिखरांचा पर्वत आहे. त्याच्या कुशीतल्या निर्मळ सरोवराच्या काठी, देवदारांच्या घनगर्द छायेत, महर्षी क्षिप्रश्रव्यांचा आश्रम होता. होमाच्या धुरानं तिथल्या वेलींची पानंसुद्धा सुगंधी झालेली, आणि हरिणं व्याघ्राच्या पाठीला पाठ लावून निवांत रवंथ करीत बसलेली असायची.

क्षिप्रश्रव्यांचे कान म्हणजे तिन्ही लोकांत नवल. शंभर वर्षं केवळ वायू भक्षण करून त्यांनी वाग्देवीला प्रसन्न करून घेतलं, आणि मागितलं काय, तर कान. पाण्यावर पडणाऱ्या पानाचा स्वर ते ओळखत. म्हणून देवराज इंद्रानं ठरवूनच टाकलं होतं, की स्वर्गातल्या यज्ञात कुणी गायचं ते क्षिप्रश्रव्यांनी सांगायचं. दर वसंतात गंधर्व आश्रमाबाहेर रांग लावत. महर्षी मृगाजिनावर बसत आणि हातात दर्भाची एक काडी धरत. सूर पसंत पडला तर काडी गाणाऱ्याच्या ओंजळीत जायची. नाही पडला तर ती कट्कन मोडायची, आणि मोडली की गाणाऱ्यानं उठायचं. आता बघा, हे सगळं किती वेळात व्हायचं? एका श्वासात.

"एक श्वास पुष्कळ झाला," महर्षी म्हणत. "ज्याला दुसरा लागतो, त्याचे कान कच्चे."

रांगेतले गंधर्व एकमेकांना सांगत, "खाकरू नकोस रे बाबा. खाकरण्यावरच निकाल लागायचा."

एका वसंतात दक्षिणसमुद्राच्या तीरावरून मंद्रघोष नावाचा गंधर्व आला. बरोबर त्याची पत्नी रोचना होती. मंद्रघोष डोळे मिटून बसला आणि त्यानं पहिला षड्ज लावला. तो केसभर खाली होता. केसभरच, पण क्षिप्रश्रव्यांच्या कानाला केस म्हणजे मुसळ. काडी मोडली.

मंद्रघोष उठला नाही. तो गातच राहिला.

"काडी मोडली आहे, गंधर्वा," महर्षी म्हणाले.

तरी तो गातच राहिला. मागं कुणीतरी हसलं. "याला ऐकूही येत नाही वाटतं," असंही कुणी म्हणालं. ते हसणं महर्षींना आपल्यावरच आल्यासारखं वाटलं, आणि तपानं तापलेल्या त्या देहात क्रोध वणव्यासारखा चढत गेला. त्यांनी कमंडलूतलं पाणी हातात घेतलं.

"स्वर जागेवर लागत नाही आणि थांबायचंही कळत नाही, असा पोकळ आहेस तू. जा, पोकळ गवत होऊन या उतारावर उभा राहा. वारा वाजवील तेवढंच वाज."

पाणी जमिनीवर पडलं आणि गाणं मध्येच तुटलं. जिथं मंद्रघोष बसला होता, तिथं वेळूचा एक हिरवा कोंब मातीतून वर आला होता.

रोचना रडली नाही. ती पुढं आली आणि कोंबाशेजारी बसली. हळू आवाजातच तिनं विचारलं, "भगवन्, आपण किती ऐकलंत?"

"एक श्वास."

"आपण जेवायला बसता, तेव्हा पहिल्या घासाआधी ताटाबाहेर भाताच्या चित्राहुती घालता ना?"

"घालतो."

"त्या भाताकडं बघून कुणी म्हणालं, की या म्हाताऱ्याला घास धरता येत नाही, सगळा भात सांडतो, तर?"

महर्षींनी कमंडलू खाली ठेवला.

"आमच्या कुळात पहिला षड्ज पितरांचा असतो," रोचना म्हणाली. "जे खाली गेले त्यांच्यासाठी तो केसभर खाली ठेवायचा. मग आठ प्रहर गायचं. शेवटी तोच षड्ज उचलून जागेवर आणायचा, म्हणजे पितर तृप्त झाले. मध्येच उठलं तर ते उपाशी राहतात. म्हणून हे उठले नाहीत, भगवन्. गर्व नव्हता तो. आपण चित्राहुती पाहिलीत आणि ताट लाथाडलंत."

क्षिप्रश्रव्यांच्या पायांखालची भूमी हलली. त्यांनी पाणी पुन्हा हातात घेतलं, शाप परत घ्यायला मंत्र उच्चारला, एकदा, तीनदा, शंभरदा उच्चारला. कोंब जागचा हलला नाही. सुटलेला शब्द परत मुखात येत नाही, हे तेच तर शिष्यांना शिकवत आले होते. अखेर त्यांनी भूमीवर कपाळ टेकलं आणि वाग्देवीला हाक मारली.

आकाशातून वाणी आली. "कानांनी घाई केली, तर कानांनीच ती फेडायची. वेळूच्या अंगानं हा आपलं गाणं पूर्ण करील. गंधर्वाच्या आठ प्रहरांना गवताला साठ वर्षं लागतात. तू ते सगळं ऐक. शेवटचा षड्ज लागला की हा सुटेल. पण त्याआधी चांगलं म्हणालास, वाईट म्हणालास, नुसती मान डोलावलीस, तरी गाणं पहिल्यापासून."

आश्रमाचं दार बंद झालं. महर्षी वेळूसमोर बसले, आणि शेजारी रोचना बसली. गंधर्वलोकीचं अमृत सोडून आलं की देवांशालाही वय लागतं. महर्षींनी तिला परत जायला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आपण एकटे ऐकलंत की काय होतं, ते पाहिलंय मी."

कोंबाचा वेळू झाला आणि वेळूचं बेट झालं. सातव्या वर्षी श्रावणातल्या एका सकाळी वारा त्या बेटातून असा काही वर चढला, की महर्षींच्या तोंडून "वाहवा" निघून गेलं.

बेट जागच्या जागी पिवळं पडलं आणि कोसळलं. त्याच्या मुळाशी एक हिरवा कोंब उभा होता.

"मी स्तुतीच केली होती," महर्षी कळवळून म्हणाले.

"स्तुती केलीत म्हणजे निकालच दिलात," रोचना म्हणाली. तिच्या केसांत तेव्हा पहिली रुपेरी बट आली होती.

पुन्हा कोंबापासून ऐकायचं. या वेळी एकोणीस वर्षं गेली. मग एक वैशाख असा आला, की तेव्हापासून वारा एकाच स्वरावर तीन महिने घोटाळत राहिला. तेच ते, पुन्हा तेच ते. महर्षींचे डोळे जड झाले, आणि कंटाळलेलं मन ओठांवाटे पुटपुटलं, "इथं रेंगाळतंय."

बेट कोसळलं.

त्या दिवशी मात्र रोचना रडली. वाळलेल्या वेळूंच्या राशीत शिरून ती एकेक कांडं उचलून कानाशी लावत होती, आणि प्रत्येक कांडं मुकं होतं. महर्षींना तो आकांत बघवेना. ते सरोवराकडं धावले, जीभ छाटून टाकावी म्हणून त्यांनी धारदार दगड उचलला. रोचनेनं मागून येऊन त्यांचा हात धरला.

"जीभ छाटलीत तरी मान डोलेलच," ती म्हणाली. "आणि मान छाटलीत तर ऐकणार कोण? ऐकणारं दुसरं कुणी नाही मला. चला, बसा."

महर्षींनी काठावरचा एक गुळगुळीत गोटा उचलून जिभेवर ठेवला आणि ओठ मिटले. त्यानंतर जेवणापुरताच तो गोटा बाहेर येई. मान डोलू नये म्हणून त्यांनी आपली जटा देवदाराच्या फांदीला बांधली. दहा वर्षं गेली, वीस गेली, चाळीस गेली. ज्या घोटाळणाऱ्या स्वराला ते कंटाळले होते, तो एकोणीस वर्षांनी पुन्हा आला होता, आणि त्यानंतर दहा वर्षांनी त्यांना उमगलं, की पुढची सगळी चढण त्याच स्वराच्या खांद्यावर उभी होती. हे कुणाला सांगावं? गोटा तोंडात, आणि डोळ्यांतून धारा.

रोचना आता फार म्हातारी झाली होती. पाठ वाकली, दृष्टी गेली, शेवटी कानही गेले. ज्या गाण्यासाठी अमृत सोडलं, ते गाणं तिला ऐकू येईना. मग ती वेळूच्या बुंध्याला तळहात लावून बसू लागली. कांड्यातली थरथर हाताला लागली, की चेहरा जरा उजळायचा. पण थरथरीतून स्वराची जागा कळत नाही. साठाव्या वर्षी, शिशिर सरता सरता, ती एक हात वेळूलाच ठेवून जमिनीवर आडवी झाली आणि तिनं विचारलं, "भगवन्, मला काही कळत नाही हो. चांगलं चाललंय ना? हात दाबून एवढं तरी सांगा."

एक होकार, एवढाच काय तो प्रश्न होता. जिनं शाप देणाऱ्याशेजारी शहाऐंशी वर्षं काढली, तिला मरताना एक होकार हवा होता. आणि होकार दिला, तर मंद्रघोष पुन्हा कोंब. महर्षींनी तिचा दुसरा हात आपल्या हातात घेतला. जटा ताणली जाऊन मुळांतून रक्त आलं, पण मान हलली नाही. तिचा हातही त्यांनी दाबला नाही, तोही होकार झाला असता.

रोचनेनं त्यांची न हललेली बोटं चाचपली. मग तिच्या सुरकुतलेल्या ओठांवर हसू आलं.

"कळलं," ती म्हणाली. "अजून संपलं नाही."

तिचा श्वास बाहेर पडला आणि पुन्हा आत गेला नाही. वेळूला लावलेला हात तसाच राहिला. आणि जेवढ्या वेळात पुढचा श्वास व्हायचा, तेवढ्या वेळानं वारा उठला. साऱ्या बेटातून तो पहिला षड्ज, केसभर खाली ठेवलेला, शहाऐंशी वर्षांचा उपाशी, सावकाश वर आला आणि आपल्या जागी बसला. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत वेळूला फुलोरा आला. सगळं बेट एका क्षणात फुललं, आणि फुलल्या जागीच वाळून गेलं.

मंद्रघोष उभा होता, पूर्वीच्याच तेजस्वी रूपात. त्यानं खाली पाहिलं. मग वाकून विचारलं, "हिनं ऐकलं?"

महर्षींनी तोंडातला गोटा काढला. शब्द फुटायला कष्ट पडले. "एक श्वास कमी पडला."

मंद्रघोषानं तिचं मस्तक मांडीवर घेतलं. "आणि निकाल, भगवन्? काडी?"

क्षिप्रश्रव्यांनी हात जोडले. "एका श्वासावर मी तुला मोडलं होतं. आज सगळं ऐकलं, पण तुझ्या गाण्याचा शेवटचा श्वास हिच्या वाट्याचा होता. तो तिच्यासाठी सोडल्याखेरीज मी तोंड उघडू नये. माझ्यानंतरच्या कुणीही उघडू नये."

वाग्देवीनं तो शब्द मान्य केला. म्हणून वेळूचं बन एका पिढीतून एकदाच फुलतं आणि फुललं की वाळतं. वाळल्यावरच त्याच्या पोकळ कांड्यातून बासरीचा गोड स्वर निघतो, हिरव्यातून निघत नाही. आणि जाणते श्रोते शेवटचा स्वर विरल्यावर लगेच बोलत नाहीत. एक श्वास जाऊ देतात. तो रोचनेचा.