तेलाचा संताप

यंत्रं बोलायची, तेव्हाची गोष्ट. बंदरावरच्या क्रेनमध्ये इंजिनाचा जोर तेलाच्या दाबानं हुकापर्यंत पोचवणारा कन्व्हर्टर राबून तापायचा, अन् त्याची आग अंगावर घेऊन तेल कूलरकडं गार व्हायला जायचं. खंडेनवमीला ड्रायव्हर भिवानं पुढचा हुक धुऊन पुजला. मागच्या कूलरची वारा घ्यायची जाळी मात्र चिखलानं बुजलेलीच राहिली.

तेल तापलेलंच परतलं. वर हुकाला लोखंडी तुळई लोंबत होती, खाली हमाल होते.

“मेल्या, जोर धर की!” कन्व्हर्टर ओरडला.

“कुठला जोर?” तेल उसळलं. “तापून पाणी झालंय माझं, दाबच उरला नाही. जाळी धुवा म्हणून रोज तापमानाचा काटा लालात नेला की मी!”

तुळई खाली सरकली. हमाल पळाले म्हणून वाचले.

“तेलच हलकं!” म्हणत भिवानं नव्या तेलाचा डबा मागवला.

बाहेर ओतलं जाताना तेल ओरडलं, “अरे, त्यालाही त्याच बुजल्या जाळीमागं गार व्हायला जायचंय!”