शिंक्याची धास्ती

घराघरांत शिंकी टांगलेली असत तेव्हाची गोष्ट. एका घरात आढ्याला शेजारीशेजारी एक पाळणा आणि दुधाच्या मडक्याचं शिंकं टांगलेलं होतं. खिडकीतून वारा आला की दोघंही हलत, पण प्रत्येकाचा झोका निराळा.

शिंक्याच्या जिवाला घोर. मडकं कलंडलं तर? दोर झिजला तर?

"पाळण्याला धरून राहा ना," खाली पहुडलेलं मांजर म्हणालं. "तू निघालंस की तो अडवेल, तो निघाला की तू अडव."

पाळणा कुरकुरला, "मी थांबलो तर बाळ उठेल."

"आणि माझं मडकं फुटलं म्हणजे?" शिंक्याने आपल्या दोराचं लोंबतं टोक त्याच्या कडीत अडकवलंच.

वारा आला. दोघांनी एकमेकांना ओढलं, दोघांचेही झोके मोडले आणि दोघंही जागच्या जागी थांबली. बाळ रडायला लागलं. आई पाण्याला गेली होती.

"सोड मला," पाळणा म्हणाला.

"थांब जरा. आज कुठे जिवाला स्वस्थता मिळाली."

खाली मांजर उठून बसलं. इतके दिवस त्याला उडीचा नेम धरता येत नव्हता, कारण मडकं कधी एका जागी राहतच नसे.