शाळेसाठी रोखा

एका गावात एक भोळा शिपाई होता, आणि तो भोळा आहे हे त्याला सोडून अख्ख्या गावाला ठाऊक होतं. गावाचं नाव कुसळवाडी. शिपायाचं नाव महिपती. नाव राजाचं, काम शाळेची घंटा वाजवायचं.

महिपती आळशी होता म्हणाल, तर अजिबात नाही. सांगितलेलं काम तो जीव ओतून करायचा. भीती त्याचीच वाटायची. एकदा शाळेच्या मुख्याध्यापिका कुमुदबाई तालुक्याला मीटिंगला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "महिपती, जरा घड्याळाकडे लक्ष ठेव." संध्याकाळी परत येऊन बघतात, तर पोरं सकाळपासून गणिताच्याच तासाला बसलेली. गणिताच्या गुरुजींचा घसा बसलेला. आणि महिपती घड्याळासमोर स्टूल टाकून डोळे फाडून बसलेला.

"अरे, घंटा का नाही वाजवलीस?"

"घंटा वाजवाया उठलो असतो, तर घड्याळाकडं कुणी बघितलं असतं? पर काळजी करू नका बाई, घड्याळ कुठंबी गेलं न्हाई."

तर असा हा महिपती. आणि त्या वर्षी शाळेवर मोठं संकट आलं.

वरून कागद आला होता. जूनपर्यंत शाळेत संगणकांची खोली झाली नाही, तर आठवीचा वर्ग बंद. पोरांनी तालुक्याच्या शाळेत जायचं. पोरं जातील हो सायकली हाणत. पण सात मैलांवर पोरींना कोण धाडतंय? सातवीत अकरा पोरी होत्या. त्यांच्या शिक्षणावर तिथंच पाणी पडणार होतं. त्यातली एक वेणू, महिपतीचीच लेक. वर्गात पहिली यायची. ती आईवर गेली होती.

कुमुदबाईंनी डोकं चालवलं. सरपंच भामाताईंना भेटल्या आणि एक तोड काढली. पंचायतीनं रोखे काढायचे. म्हणजे गावकऱ्यांनी आपले पैसे पंचायतीला वापरायला द्यायचे, पंचायतीनं तसा कागद लिहून द्यायचा, त्या पैशांतून शाळेत संगणक बसवायचे, आणि पाच वर्षांनी ज्याचे त्याला व्याजासकट परत. त्या कागदाचं नाव रोखा. फक्त ग्रामसभेत गावानं ठराव मंजूर करायला हवा होता. सभेला आठवडा होता.

बाईंनी एका पुठ्ठ्यावर लाल रंगानं फलक लिहायला घेतला. "शाळेसाठी रोखा घ्या, लेकरांना शिकवा" असं लिहायचं होतं. पण 'रोखा' लिहून झालं आणि रंग संपला. बाई म्हणाल्या, असू दे, लोकांना कळेल.

"महिपती, हा घेऊन रस्त्यावर उभा राहा. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसला पाहिजे."

"व्हय बाई," म्हणाला महिपती, आणि गेला.

बाजूला उभं राहिलं तर सगळ्यांना कसं दिसणार? म्हणून तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. समोरून तालुक्याची एसटी आली. ड्रायव्हरनं फलक वाचला आणि करकचून ब्रेक मारला.

"काय झालं रे?"

"रोखा," महिपती म्हणाला. त्याला फलक पाठ होता.

"रोखली की. म्होरं काय?"

"शाळेसाठी."

ड्रायव्हरला वाटलं, पोरं रस्ता ओलांडत असतील. तो थांबला. मागं ट्रॅक्टर थांबला. त्याच्या मागं एक नवरदेव थांबला. त्याच्या मागं गावच्या डेअरीचा दुधाचा टेम्पो थांबला. ऊन रणरणत होतं. पोर एकही ओलांडेना. दोन तासांनी नवरदेव चालत निघाला, आणि टेम्पोतलं दूध नासलं. दूध गावाचंच होतं. गाव शाळेवर आलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "महिपती, रोखा म्हणजे थांबवा नव्हे. रोखा म्हणजे कागद."

"मंग कागद म्हणायचं की बाई."

"हे बघ. यापुढं कुणाच्याही आडवं जायचं नाही. जो दिसेल त्याला हात जोडायचे, आदबीनं बाजूला व्हायचं, आणि म्हणायचं, शाळेकडे लक्ष असू द्या."

"व्हय बाई," म्हणाला महिपती, आणि गेला.

जातो तर समोरून शिरपाची म्हैस उधळलेली. दावं तोडून सुटलेली, शेपटी वर, आणि मागून शिरपा धापा टाकत. "महिपा, आडवा जा. आरं, आडवा जा तिला."

महिपतीनं मान हलवली. आडवं जायचं नव्हतं. त्यानं म्हशीला हात जोडले, आदबीनं बाजूला झाला आणि म्हणाला, "शाळेकडं लक्ष असू द्या."

म्हशीनं ताबडतोब लक्ष दिलं. ती वळली ती थेट शाळेच्या परसात घुसली. पोरांच्या खिचडीत घालायला लावलेला पालक गेला, मेथी गेली, आणि वाळत घातलेला बाईंचा रुमालही गेला. शिरपा वर आणि बाईंनाच बोलला, की शाळेचा शिपाई म्हशीच्या पाया पडतो पण माणसाच्या उपयोगी पडत नाही. अशा शाळेला कोण पैसे देणार?

"बाई, तुमी सांगितलं तसंच केलं," महिपती म्हणाला, आणि ते खरं होतं.

बाईंनी दीर्घ श्वास घेतला. "माणूस अडचणीत दिसला ना, तर बोलत बसायचं नाही. धावून जायचं. आपण त्याला उचलून धरलं, तर तो आपल्याला उचलून धरेल. कळलं?"

"व्हय बाई," म्हणाला महिपती, आणि गेला.

गावात एक नाना होते. तलाठी म्हणून निवृत्त झालेले. वरच्या आळीत त्यांच्या शब्दाला भलतं वजन. नाना रोज सकाळी ओसरीवर सतरंजी टाकून शीर्षासन करायचे. डोकं खाली, पाय वर, डोळे मिटलेले, चेहरा लालबुंद. महिपतीनं हे असलं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्याच्या काळजात धस्स झालं. एवढा मोठा माणूस डोक्यावर पडलाय, आणि घरात कुणाला पत्ता नाही.

तो धावून गेला. नानांचे दोन्ही पाय धरले आणि त्यांना उचललं. उचलून धरायचं एवढंच सांगितलं होतं, सरळ करायचं कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून जसे होते तसे, डोकं खाली ठेवूनच पाठीवर टाकले.

"अरे गाढवा, सोड," नाना त्याच्या गुडघ्यामागून ओरडत होते.

"घाबरू नका नाना, धरलंय मी. आता तुमी शाळेला उचलून धरा."

अख्ख्या गावानं नानांची ती वरात पाहिली. वरची आळी हसली, खालची आळी त्याहून जास्त हसली. बाईंच्या समोर महिपतीनं नानांना ठेवलं तेव्हा ते रागानं तापले होते. बाईंनी धावत जाऊन गार पाण्याचा तांब्या आणला. नाना घटाघट प्यायले आणि जरासे निवले. पण जाताना म्हणालेच, "वरच्या आळीचं एक मत मिळणार नाही तुम्हाला."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. महिपतीला फार वाईट वाटलं. बाईंचं रडणं त्याला सोसायचं नाही. "बाई, माझं काय चुकलं ते सांगा. पुन्हा न्हाई चुकणार."

"काही नाही रे. एवढं लक्षात ठेव. तापलेल्याशी वाद घालायचा नाही. आधी गार पाणी, मग बोलणं."

"व्हय बाई," म्हणाला महिपती. या वेळी तो कुठं गेला नाही. आणि तेच वाईट झालं.

शाळेत एक संगणक होता. एकच. सुरू व्हायला अर्धा तास घ्यायचा आणि बंद व्हायला लगेच तयार असायचा. तरी अकरा पोरी त्याच्यावरच आळीपाळीनं शिकायच्या. त्या दुपारी वेणू वर्गातून बाहेर आली. "बाबा, बाईंना सांगा, कंप्यूटर लई तापलाय."

महिपती एकदम उठला. तापलाय. तांब्यानं भागणार नव्हतं, कारण नानांपेक्षा हा जास्त कामाचा. त्यानं पिण्याच्या पाण्याची भरलेली कळशी उचलली आणि संगणकावर सावकाश, धार न मोडता रिकामी केली. संगणकानं एकदा फुस्स केलं. शाळेचे दिवे गेले. मग महिपती त्याच्याजवळ वाकला आणि समजुतीनं म्हणाला, "आता बोला. काय झालं?"

संगणक पुन्हा कधीच काही बोलला नाही.

बाई या वेळी रागावल्यासुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक हातगाडी मागवली. तिच्यावर तो मेलेला संगणक ठेवला, आणि त्या स्वतः घरोघर निघाल्या. महिपतीला मात्र शाळेत बसवलं आणि बजावलं, "बस." तो दिवसभर बसला.

आता कुसळवाडीचं एक सांगतो. या गावाला राग पटकन येतो, पण दया त्याच्याही आधी येते. हातगाडीवरचा संगणक बघून बायकांनी तोंडाला पदर लावला. शिरपा म्हणाला, "म्हशीचं जाऊ द्या बाई. पोरींचं नुकसान नगं." डेअरीवाले दूध विसरले. नाना सुद्धा ओसरीवरून खाली उतरले, या वेळी आपल्या पायांनी, आणि म्हणाले, "वरची आळी तुमच्या बाजूनं. पण तो शिपाई आमच्या आळीत दिसता कामा नये."

शनिवारपर्यंत घरटी शब्द मिळाला. गावात विरोधाला औषधालाही माणूस उरला नाही.

तरी बाईंना धाकधूक होतीच. मागं पाण्याच्या टाकीच्या वेळी असंच झालं होतं. सगळ्यांनी हो-हो म्हटलं आणि वेळ आल्यावर सगळे पळाले. त्यांनी महिपतीला बोलावलं. मनातून नको वाटत होतं, पण दुसरं माणूस नव्हतं.

"महिपती, उद्या सभेला तू दारात उभा राहा. आत येणाऱ्या प्रत्येकाला माझं नाव घेऊन एकच सांग. दिलेला शब्द पाळा, ऐन वेळी हात वर करू नका. टाकीच्या वेळी असंच हात वर केले लोकांनी, आणि टाकी बुडाली. उद्या तसं झालं तर शाळा बुडाली म्हणून समज. वेणूची आठवी बुडाली."

वेणूचं नाव ऐकून महिपतीचा चेहरा गंभीर झाला. "एकाला बी हात वर करू देत न्हाई, बाई."

बाईंना बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला एका दमात समजलं होतं.

रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात सभा भरली. महिपती धुतलेला सदरा घालून फाटकात उभा. येईल त्याच्या कानाशी लागून सांगत होता.

"बाईंचा निरोप हाय. काय बी झालं तरी हात वर करायचा न्हाई."

"आरं, पण मत कसं द्यायचं मग?" शिरपानं विचारलं.

"ते मला ठावं न्हाई. हात वर झाला की शाळा बुडाली, असं बाई सोता म्हणाल्या. माझ्या वेणूची शपथ."

लेकीची शपथ खोटी कोण घेतं? लोकांनी माना डोलावल्या. बाईंनी काहीतरी नवी युक्ती काढली असणार. बाई शिकलेल्या.

बाई तालुक्याच्या राहणाऱ्या, त्यांना या गावात मत नव्हतं. त्या कडेला खुर्चीवर बसल्या होत्या. भामाताई उठल्या. ग्रामसेवकांनी ठराव वाचला. भामाताई म्हणाल्या, "शाळेच्या रोख्यांचा ठराव ज्यांना मंजूर आहे, त्यांनी हात वर करावेत."

एकही हात वर आला नाही.

भामाताईंनी चष्मा पुसला. पुन्हा विचारलं. नानांनी हाताची घडी घट्ट केली. शिरपानं दोन्ही हात खिशात कोंबले. खालच्या आळीची सोनाआत्या तर खबरदारी म्हणून आपल्या हातांवरच बसली होती.

बाई खुर्चीवरून ताडकन उठल्या. "अहो, असं काय करता? हात वर करा ना."

सोनाआत्यानं त्यांच्याकडे बघून हळूच डोळा मिचकावला आणि शेजारणीला म्हणाली, "चारचौघांत तसं म्हणावं लागतंय बाईस्नी. आपण नेट धरायचा."

बाईंनी हात जोडले. लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या आणि हात आणखी आवळले. बाई जितक्या विनवत होत्या, तितका गावाचा निश्चय पक्का होत होता. खुद्द भामाताईंचाही हात उठला नाही. फाटकातून येताना निरोप त्यांनाही मिळाला होता.

"विरोधात कोण?" ग्रामसेवकांनी विचारलं. तिथंही कुणी नाही.

"मग गावानं ठरवलं तरी काय?" भामाताई म्हणाल्या.

"बाजूनं शून्य," ग्रामसेवक म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहिलं, ठराव नामंजूर. पुढची सभा ऑगस्टमध्ये होती, आणि शाळेची मुदत जूनची.

बाई मटकन खाली बसल्या. हसावं की रडावं, त्यांना कळेना. सभा अजून त्यांच्याकडे कौतुकानं बघत होती, की आता बाई युक्ती उघड करतील. एवढ्यात गर्दीतून वाट काढत महिपती आला. आनंदानं त्याचा ऊर भरून आला होता. तो बाईंच्या समोर वाकला आणि हळूच म्हणाला,

"बघितलंत बाई? एकानं बी हात वर केला न्हाई. सारा गाव शब्दाला जागला."