बाजार उठल्यावर

फार पूर्वी एका राज्यात एक प्रधान होता. पुढं तो राहिला नाही, आणि ही गोष्ट खरी तिथूनच सुरू होते.

प्रधान अर्थशास्त्राचा मोठा पंडित. पण बाजाराच्या दिवशी सगळे सकाळी जात, हा जायचा बाजार उठल्यावर. दरबारी हसायचे, "प्रधानजींचं वरातीमागून घोडं!" तो म्हणायचा, "भरल्या बाजारात सगळेच सुखी दिसतात. राज्य कसं चाललंय, ते मागं कोण बसून राहिलं त्यावरून कळतं."

प्रधान वारला. राणीला त्याची फार आठवण येई. नवे कारभारी हुशार होते, आकडे तोंडपाठ. पण त्यांच्या बोलण्यात माणूस कुठं येतच नसे.

एक दिवस एक बडा व्यापारी आला. "हा फुटकळ बाजार उठवा, महाराणी. त्या जागी मी एकच मोठं दुकान घालतो. माल स्वस्त, खजिना दुप्पट!" कारभाऱ्यांनी माना डोलावल्या. राणी म्हणाली, "उद्या सांगते." आज प्रधानजी हवे होते, असं तिला फार वाटलं.

संध्याकाळी ती साधं लुगडं नेसून बाजारात गेली. सगळे पांगले होते. एक म्हातारी बुरूडीण तेवढी सुपांची चळत घेऊन बसली होती.

"आजी, आता कोण येणार? घरी जा."

"कुणी नाही गं बाई. प्रधानजी यायचे या वेळेला. विचारायचे, काय राहिलं, का राहिलं? एकदा म्हणाले, 'पाऊस तोंडावर आलाय, सुपं कोण घेईल? इरली विण.' पुढच्या बाजाराला सगळी इरली हातोहात खपली. आता ते नाहीत, ठाऊक आहे मला. पण पाय निघत नाही."

राणीचे डोळे भरून आले. इतके दिवस तिला वाटत होतं, त्या माणसाची उणीव आपल्यालाच भासते. ती तिथंच मातीत बसली.

"आजी, हा बाजारच उठवला तर?"

"मग काय, भीक मागायची. तिला काही बाजार लागत नाही."

दुसऱ्या दिवशी राणीनं व्यापाऱ्याला नकार दिला. खजिना दुप्पट झाला नाही, बाजार मात्र राहिला. आणि दर बाजाराला दिवस कलला की राणी पायीच तिकडं निघू लागली.

एकदा वैतागून एक कारभारी म्हणाला, "महाराणी, ही तर प्रधानजींची रीत. ते जाऊन किती दिवस झाले!"

राणी म्हणाली, "ते असते, तर मी कशाला गेले असते?"

तात्पर्य: गेलेल्या शहाण्याचे गोडवे गाणं सोपं असतं, तो ज्यांची विचारपूस करायचा त्यांच्याजवळ आपण जाऊन बसणं, हीच त्याची खरी आठवण.