टोमॅटोंना हात कुठे आहेत?

शेजारच्या संस्थानातून टोमॅटोंची करंडी नजराणा म्हणून आली आणि सुरंगगडच्या राजे रणधीररावांनी ती थेट जामदारखान्यात ठेवायचा हुकूम सोडला. सुरंगगडची रीतच तशी! नजराणा खजिन्याच्या खोलीत जायचा, दाराला कुलूप नि लाखेची मोहर लागायची आणि देणारा भेटीला आला की त्याच्यासमोरच ती फुटायची. शेजारचे राजे तर थेट जत्रेला येणार होते.

मुदपाकखान्यात रांधणाऱ्या म्हाळसाची जीभ गप्प बसेना. कोंदट खोलीत एकावर एक रचलेले टोमॅटो जत्रेपर्यंत सडतील, असं ती राजेसाहेबांच्या तोंडावर बोलून गेली. झालं! त्यांना जामदारखान्याचा भारी अभिमान.

"तिथे वारासुद्धा शिरत नाही, वस्तू बिघडेल कशी? आता टोमॅटो तूच राखायचे, मोहर न मोडता. एक जरी नासला, तर भाचीच्या लग्नाची रजा विसर."

भाचीला म्हाळसानेच लहानाचं मोठं केलं होतं, आणि अक्षता टाकायला तीच नसायची? तिने पदर खोचला.

"राखते सरकार. फक्त आधी खोली पारखू. आपण मानकऱ्यांसह घटकाभर आत बसावं. ताजेतवाने बाहेर आलात, की करंडी आत."

हट्टी माणसाला एवढं पुरे होतं. राजेसाहेब जरीचा अंगरखा सावरत आत शिरले. मागोमाग कारभारी, फडणीस, खजिनदार असे एकाहून एक धष्टपुष्ट गडी पेट्यांच्या फटींत कोंबले गेले. दार लागलं. थोड्याच वेळात कारभाऱ्यांचं पोट राजेसाहेबांच्या पाठीत रुतलं, फेट्यांखालून घामाच्या धारा लागल्या आणि आतून दारावर धडाधड थापा पडल्या.

म्हाळसाने दार उघडलं. राजेसाहेब लालबुंद, ओलेचिंब होऊन बाहेर पडले आणि तिच्यावर खेकसले. तिने शांतपणे बाहेरच ठेवलेल्या करंडीच्या तळातून एक टोमॅटो काढला. साल फुटलेली, पाणी सुटलेलं, वास आंबूस.

"वरच्यांनी दाबला, हा गेला. आता शेजाऱ्यालाही नासवेल. सरकार, आपण दारावर थापा तरी मारल्यात. टोमॅटोंना हात कुठे आहेत?"

राजेसाहेबांनी टोमॅटोकडे पाहिलं, मग घामेजलेल्या कारभाऱ्यांकडे, आणि ते पोट धरून हसू लागले. करंडी तिथेच रिकामी झाली. मऊ पडलेल्यांचं सार शिजलं, टणक होते ते वाऱ्याच्या सज्जात देठ खाली करून सुटेसुटे मांडले गेले. म्हाळसाला रजा मिळाली, भाचीला शालू मिळाला. लग्नाचं आमंत्रण कारभाऱ्यांनाही गेलं, पण पंगतीत राजेसाहेबांपासून लांब बसायच्या अटीवर!