सहा राण्यांच्या पाटल्या

राजा भुजंगरावाने एकाच दिवशी दोन राण्यांना दोन वचनं दिली आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला!

त्याला राण्या सहा. प्रत्येकीच्या पाटलीवर तिच्या मानाचा आकडा कोरायचा होता. थोरली म्हणाली, "सहाही पाटल्या हुबेहूब सारख्या हव्यात!" राजा म्हणाला, "दिलं वचन!" मग धाकटी लाडात आली. "थोरलीच्या दुप्पट आकडा दुसरीचा, तिप्पट तिसरीचा, असं करत माझा सहापट हवा!" राजा पाघळला. "दिलं वचन!"

संध्याकाळी दोघी समोरासमोर आल्या आणि मुदपाकखान्याला कुलूप लागलं. पाटल्या येईपर्यंत राजाला ताट नाही!

उपाशी राजाने गोंदशेट सोनाराला बोलावलं. "परवापर्यंत पाटल्या घडव. चुकलास तर भर चौकात तुझ्या मिशा उतरवीन! आणि सगळीकडे शून्य कोरलंस, तर भुवयासुद्धा!"

गोंदशेटच्या मिशा तीस वर्षं तुपावर पोसलेल्या! तो घरी येऊन त्यांना कुरवाळत रडू लागला. "येसू, सारख्याही हव्यात आणि सहापटही! गेल्या गं माझ्या मिशा!"

"अण्णा, तुम्ही मला रिकामटेकडी म्हणता ना?" लेक म्हणाली. "परवा मी राखेत एकाला सातानं भागत बसले होते. भागाकार संपेचना! तेच सहा अंक फिरून फिरून येत होते. भट्टी पेटवा."

तिसऱ्या दिवशी येसूने दरबारात सहा पाटल्या मांडल्या. प्रत्येकीवर गोलाकार तेच अंक: १, ४, २, ८, ५, ७.

थोरली खूश झाली. धाकटी फणकारली, "आणि माझे सहापट?"

"राणीसाहेब, पाटली गोल. तिला सुरुवात कुठली? थोरल्या राणीसाहेबांनी एकापासून वाचायचं. १,४२,८५७. दुसऱ्या राणीसाहेबांनी दोनापासून. २,८५,७१४, म्हणजे दुप्पट! तुम्ही आठापासून वाचा."

"८,५७,१४२!"

दरबारच्या जोशीबुवांनी धूळपाटीवर गुणाकार केला, पुसला, पुन्हा केला. "सहापटच आहे, महाराज! चारापासून तिप्पट, पाचापासून चौपट, सातापासून पाचपट. सगळं जुळतंय!"

मुदपाकखान्याचं कुलूप निघालं. आता राजाने मुकाट जेवायला जावं की नाही? पण नाही!

"थांबा! मी राजा आहे. मला सातपट हवं. अंक मात्र सहाच! आणि कुठून वाचायचं ते माझ्या लक्षात राहणार नाही. कुठूनही वाचलं तरी बरोबर यायला हवं. नाहीतर मिशा..."

गोंदशेटने दोन्ही हातांनी मिशा झाकल्या.

"मला वाटलंच होतं, महाराज," म्हणत येसूने कनवटीचं कडं काढलं. त्यावर गोल फिरून सहाही नऊ! "९,९९,९९९. बरोबर सातपट. आता झोपेत वाचलंत तरी चुकायचं नाही!"

राजा इतका हसला की रिकाम्या पोटात कळ आली. त्याने येसूला सहा पैठण्या दिल्या, मग कड्याकडे पाहून सातवीही दिली. आणि गोंदशेटच्या मिशांना राजवाड्यातून रोज वाटीभर साजूक तूप सुरू झालं!