अस्सल खोटा

रुपया चांदीचा असायचा आणि सराफ तो दगडावर आपटून पारखायचा, त्या काळातली गोष्ट. एकदा रेवणशेट सराफाने एक रुपया आपटला, तर तो खणकलाच नाही, बद्द वाजला. वर चांदीचा मुलामा आणि आत शिसं! पुन्हा कुणी फसू नये म्हणून शेटने रिवाजाप्रमाणे त्याच्या पोटात खिळा घातला आणि त्याला दुकानाच्या उंबऱ्यावर ठोकून टाकलं.

येणारा-जाणारा त्याला तुडवून जाई. गल्ल्यातले खरे रुपये खिदळत. खोट्याला तोंड लपवायलाही जागा नव्हती. पुढे खरे रुपये वितळले, त्यांचे वाळे झाले, तोडे झाले. खोट्याला कोण वितळवणार?

शेटचा पणतू दुकान नव्याने बांधायला निघाला, तेव्हा जुनी नाणी जमवणाऱ्या शकूताई आल्या आणि उंबऱ्यापाशीच बसल्या.

"अहो ताई, खोटा आहे तो," पणतू म्हणाला.

"म्हणून तर हवाय."

रुपया घाबरला. ही बाई आता भोक बुजवणार, मला खरा म्हणून खपवणार. पुन्हा फसवाफसवी, पुन्हा खिळा!

शकूताईंनी खिळा हलकेच उपसला. "हल्ली जुन्या खोट्या नाण्यांच्याही नकला विकतात मेले! पण हे भोक बघा. तुमच्या पणजोबांनी पारखून ठोकलेला आहे. हा अस्सल खोटा!"

अस्सल! त्यांनी कौतुकाने त्याला पायरीवर आपटलं. रुपया पूर्वीसारखाच बद्द वाजला, पण या वेळी अगदी मोकळ्या गळ्याने.